साथीची पेटी

आमच्या वाडीतील महिला भजन मंडळात पेटी वाजवणाऱ्या वहिनी चार वर्षांपूर्वी मुलाकडे मुंबईला कायमच्या राहायला गेल्या आणि टाळ, झांज, पखवाज व पंधरा गळे जागेवर असूनही मंडळ अडखळू लागले. एकीने अभंग वरच्या पट्टीत उचलावा, दुसरीने तो खाली ओढावा आणि तिसऱ्या चरणापर्यंत सगळ्यांनी मिळून भलत्याच सुरावर पोहोचावे, असे दर एकादशीला होत असे. मी देवगड तालुक्यातल्या या खाडीकाठच्या गावात प्राथमिक शाळेची शिक्षिका आहे. वर्गात बालगीते म्हणून घेते, एवढ्या भांडवलावर मंडळातील बायकांनी ठरवून टाकले की, पेटी आता बाईंनी शिकावी. तेव्हा माझे वय बेचाळीस होते आणि पेटीला मी कधी हातही लावलेला नव्हता.

खर्ज (खालच्या आवाजाचा) आणि नर (मधल्या आवाजाचा) असे सुरांचे दोन संच असलेली ३९ पट्ट्यांची पेटी मी घेतली आणि दर रविवारी तालुक्याच्या गावी एका वर्गाला जाऊ लागले. तिथे पट्ट्यांवर आकडे लिहिलेले कागद चिकटवलेले असत आणि वहीत गाण्याखाली तेच आकडे लिहून दिले जात. सहा महिन्यांत मला अकरा गाणी वाजवता येऊ लागली. घरी कौतुक झाले, मलाही आनंद झाला. त्या वर्गात आम्हाला एकदाही गायला सांगितले गेले नाही, ही गोष्ट त्या वेळी मला खटकली नव्हती. आज मात्र ती फार मोठी उणीव वाटते.

त्या भाद्रपदात घरोघरची भजने सुरू झाली. कोकणात गणपतीच्या दिवसांत भजन म्हणजे पाहुणचाराचाच एक भाग असतो. एका घरी तासभर भजन करायचे, चहा आणि उसळ घ्यायची आणि टाळ-पखवाज उचलून पुढच्या घराकडे निघायचे. पहिल्याच घरी आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंनी देवाच्या रूपाचा अभंग उचलला तो पांढरी पाचमध्ये, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी सा मानून. मी सगळे काळी एकमध्ये पाठ केले होते. काकूंचा सा कुठे आहे, हे शोधण्यात माझे पहिले दोन चरण गेले. तो सापडल्यावर त्या ‘सा’पासून पुढचे सूर कोणत्या पट्ट्यांवर पडतात, हे मला कळेना. मी अंदाजाने पट्ट्या दाबत राहिले आणि प्रत्येक चुकीचा सूर भिंतीवर आपटून परत यावा तसा त्या लहानशा माजघरात स्पष्ट ऐकू आला. काकू गाता गाता थांबल्या नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडे पाहणे सोडून दिले. मग मीच भाता बंद केला.

ओटीवर शेजारच्या गावचे एक जुने भजनी बुवा बसले होते. आयुष्यभर त्यांनी डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजने केली, सप्ताह केले आणि दशावताराच्या नाटकांत पेटीही वाजवली. आता सत्तरी ओलांडल्यावर रात्रीची जागरणे सोडून ते घरीच असतात. निघताना ते मला इतकेच म्हणाले, "बाई, तुमी गाणा वाजवलात. साथ खय केलात?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी पेटी स्कूटरला बांधून त्यांच्या घरी गेले.

पहिला महिनाभर त्यांनी मला एकही चाल वाजवू दिली नाही. ते गात आणि मी फक्त सा धरून ठेवायचा, एवढेच काम. डाव्या हाताचा भाता असा चालला पाहिजे की सुरात कुठे हिसका येऊ नये आणि वारा संपत आल्याचे ऐकणाऱ्याला कळू नये. हे सांगायला सोपे आहे. नवशिका माणूस भाता जोराने उघडतो, धपकन मिटतो आणि प्रत्येक उघडमिटीबरोबर सूर फुगतो व बसतो. बुवांनी मला भात्यावर पंजा टाकण्याऐवजी चार बोटांची पेरे टेकवायला लावली आणि थोडा-थोडा, सतत वारा भरायला सांगितले. आतल्या फुग्यात वारा साठलेला असतो, तो जेमतेम भरलेला ठेवायचा, ही जाणीव बोटांत यायला मला तीन आठवडे लागले. ती आल्यानंतर पेटीचा आवाज एवढा बदलला की माझ्या मुलीने आतल्या खोलीतून विचारले, कोण वाजवतंय.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी गायला लावले. मी संकोचाने म्हटले की, माझा गळा गाण्याचा नाही. त्यावर ते म्हणाले, "गळ्यात नाय ता बोटात खयसून येतला?" त्यांची पद्धत अशी होती की, ते एक तुकडा गाणार, मी तो गाऊन दाखवणार आणि तो गळ्यातून नीट उमटल्यावरच पेटीवर शोधणार. आकडे नाहीत, वही नाही. एक सोपा अभंग बसायला पाच शनिवार लागले, पण तो अभंग आजही मला कोणत्याही पट्टीत वाजवता येतो. वर्गात शिकलेल्या अकरा गाण्यांपैकी एकही तसे येत नाही.

पट्टी बदलण्याचे भय घालवण्यासाठी त्यांनी जे दाखवले, ते मला संपूर्ण शिक्षणातले सर्वांत सुंदर वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पेटीवर एका सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. पांढऱ्यांना हात न लावता फक्त या पाच वाजवायच्या. काळी तीनला सा मानले, तर त्या पाच पट्ट्या सा रे ग प ध होतात, म्हणजे भूप राग. त्याच पाच पट्ट्या ठेवून काळी एकला सा मानले की सा रे म प ध होतात, म्हणजे दुर्गा. काळी पाचला सा मानले की गंधार, धैवत आणि निषाद कोमल होऊन मालकंस उभा राहतो. काळी दोनपासून धानी मिळतो आणि काळी चारपासून मेघाचे सूर. पट्ट्या त्याच, बोटेही त्याच जागी, पण सा हलला की सगळ्या घराचा चेहरा बदलतो. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात, हे मला नंतर कळले. बुवांनी तो शब्द वापरला नव्हता. त्यांनी फक्त डाव्या हाताने काळी पाच दाबून धरली आणि मला म्हणाले, आता हे घर समजा. भुपाचे तेच प्रसन्न सूर डोळ्यांदेखत गंभीर झाले. त्या संध्याकाळी परत येताना खाडीच्या पुलावर मी स्कूटर थांबवली आणि काही वेळ नुसती उभी राहिले.

त्यानंतर रोज पहाटे पाच ते सहा असा सराव सुरू झाला. सा रे ग, रे ग म, ग म प हा साधा अलंकार बाराही पट्ट्यांपासून वाजवायचा. आज काळी एक, उद्या पांढरी दोन, परवा काळी दोन. काही पट्ट्यांवर अंगठा काळ्या पट्टीवर येतो आणि हात अवघडतो, तिथे बोटांची अदलाबदल स्वतः शोधावी लागते. शाळा, स्वयंपाक आणि सासूबाईंची औषधे या सगळ्यांतून तास काढणे कठीण होते, हे खरे. पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. ज्याला शिकायचे असते त्याला तास काढावाच लागतो.

पुढच्या आषाढात पेटीने दगा दिला. आमच्याकडे पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत लाकूड, चामडे, कापड असे जे जे म्हणून पेटीत आहे, त्या सर्वांना दमटपणा लागतो. एके सकाळी भाता हलवताच कोणतीही पट्टी न दाबता मधल्या सप्तकातला एक सूर वाजू लागला आणि थांबेना. बुवांकडे नेल्यावर त्यांनी वरची फळी काढली. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामडे लावलेली एक लहान लाकडी झडप असते. पट्टी दाबली की ती उचलली जाते, वारा सुटतो आणि खालचा पितळी सूर, म्हणजे पितळेची पातळ जीभ, कंप पावते. आमची पट्टी फुगून शेजारच्या पट्टीला घासत होती, त्यामुळे झडप पूर्ण बसत नव्हती. बारीक पॉलिश कागदाने तिची कड दोन-तीनदा घासली आणि सूर थांबला. आणखी एक सूर मुका झाला होता. बुवांनी सुरांची पाटी उघडली आणि पितळी जिभेखालून पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद हलकेच फिरवला. धुळीचा एक कण बाहेर आला.

मात्र दोन संचांमधला एक गंधार उतरला होता, तो मिळवण्याचे काम मी जन्मभर विसरणार नाही. पितळी जिभेचे एक टोक घट्ट बसवलेले असते आणि दुसरे मोकळे. मोकळ्या टोकाशी किंचित घासले की ते हलके होते आणि सूर चढतो. बसवलेल्या टोकाशी घासले की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. दोन संचांतला तोच सूर एकत्र वाजवला आणि त्यांत फरक असला तर आवाजात लाटा येतात, वाँव-वाँव-वाँव अशा. फरक जितका मोठा तितक्या लाटा जलद. बुवांनी ब्लेडच्या टोकाने जीभ दोन वेळा खरवडली, पाटी बसवली आणि मला वाजवायला सांगितले. लाटा मंदावल्या होत्या. पुन्हा पाटी काढली, पुन्हा एक खरवड, पुन्हा ऐकणे. पाचव्या वेळी लाटा इतक्या लांब झाल्या की त्या आहेत की नाहीत, हे ठरवायला श्वास रोखावा लागला आणि सहाव्या वेळी दोन सूर एक झाले. बाहेर पागोळ्या पडत होत्या, तरी मला दुसरे काही ऐकू येत नव्हते. कान म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले, असे मी मानते. तेव्हापासून पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवत नाही, मांडणीवर ठेवते आणि पाऊस असो वा नसो, रोज निदान दहा मिनिटे वाजवते; न वाजवलेली पेटी आमच्या हवेत लवकर बिघडते.

कान उघडल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. काकू गाताना गंधारावर थांबल्या की मला तो माझ्या पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली वाटे. मला वाटले, वयामुळे काकूंचा सूर उतरतो. मी तसे बुवांना म्हटलेही. त्यांनी मोबाईलवर तानपुरा लावला, मला त्यावर गंधार गायला सांगितले आणि गाता गाताच पेटीचा गंधार दाबायला लावला. माझ्या स्वतःच्या गळ्यात आणि पेटीत त्याच लाटा आल्या. खाली असलेला सूर काकूंचा नव्हता, वर असलेला सूर पेटीचा होता.

याचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले. पेटीचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. संपूर्ण सप्तकाचे १२०० सेंट मानले तर प्रत्येक पट्टीतले अंतर १०० सेंट. या हिशोबाने शुद्ध गंधार ‘सा’पासून ४०० सेंटवर येतो, पण तानपुऱ्याच्या षड्जात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटच्या जवळ असतो. पंचमात हा फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून तो कुणाला जाणवत नाही. गंधारात चौदा सेंटचा, तो तयार कानाला टोचतो. शिवाय पेटीवर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची सोय नाही, म्हणजे मींड नाही. आलेक्झांद्र दबाँ याने १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा हे वाद्य आपल्या गायकीसाठी घडवलेले नव्हतेच. हाताने भाता हलवण्याची, मांडी घालून वाजवण्याची पेटी पुढे आपल्याकडे कोलकात्यात तयार झाली. १९४० मध्ये असेच आक्षेप घेऊन रेडिओने पेटीला दार बंद केले आणि ते १९७१ मध्ये पुन्हा उघडू लागले. त्या आक्षेपांत तथ्य आहे, असे मला आता वाटते. तरीही पेटी नसती तर कोकणातल्या वाडी-वाडीतले भजन आजच्या रूपात उभे राहिले असते, असे मला वाटत नाही. पंधरा बायकांना एका ‘सा’शी बांधून ठेवणारे, एकटीला उचलता येणारे आणि प्रवास सोसणारे दुसरे वाद्य आमच्या हाताशी नव्हते.

प्रश्न इतकाच उरतो की, पेटीची ही मर्यादा ठाऊक असताना तिच्यावर वाजवायचे कसे. बुवांचे उत्तर साधे होते. गाणारा गंधारावर ठेहराव घेत असेल, तेव्हा पेटीने त्याच गंधारावर ठाण मांडून बसू नये. सा आणि पंचम हलके धरावेत, गंधाराला स्पर्श करून निघून यावे आणि गळ्याला त्याची जागा द्यावी. ज्यांचा जन्म गोव्यातल्या बोरीचा, त्या पं. तुळशीदास बोरकरांचे वादन मी त्या काळात रोज ऐकत असे. ऐकता ऐकता लक्षात आले की, दोन सुरांमधली पोकळी बोटांनी इतकी मऊ बुजवता येते की पेटी तुटक सुरांचे वाद्य आहे, हे काही क्षण विसरायला होते. ते माझ्या आवाक्यातले नाही. पण काय ऐकायचे, ते त्यामुळे समजले.

दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत मी सगळ्या घरी वाजवले, पट्टी कोणतीही असली तरी चुकले नाही आणि मला वाटले की, झाले. मग मुलीने मोबाईलवर घेतलेले एका रात्रीचे ध्वनिमुद्रण मी शांतपणे ऐकले. आठ मिनिटांच्या अभंगात माझी पेटी एक क्षणही गप्प नव्हती. काकूंचे शब्द सुरू झाले की माझे शब्द सुरू, त्यांचा श्वास आला की मी तिथे लगेच एक तान घुसवलेली, दोन चरणांमधली जागा तर मी पूर्ण भरून टाकलेली. अभंगातला एक शब्द, ज्यावर सगळा अर्थ टेकलेला आहे, तो माझ्या खर्जाच्या आवाजाखाली दबून गेला होता. ते ध्वनिमुद्रण मी बुवांना ऐकवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गाणाऱ्याक श्वास घेऊक दिया. आधी आयका, मगे वाजवा."

त्याच मार्गशीर्षात त्यांनी मला जत्रेच्या रात्री दशावताराच्या वादकांशेजारी नेऊन बसवले. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. कथा ठरलेली असते आणि नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. त्यामुळे नट कधी बोलता बोलता पदावर येईल, हे पेटीवाल्याला आधी कुणी सांगत नाही. मी रात्रभर त्या पेटीवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुर होऊन मुख्य नाटक लागले, राजा दरबारात रागाने बोलू लागला आणि पेटीवाला हात मांडीवर ठेवून नुसता त्याच्या छातीकडे पाहत राहिला. राजाने एक दीर्घ श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर पेटीवाल्याचे बोट पट्टीवर गेले, सूर अगदी बारीक सुटला आणि राजाचे पद नेमके त्याच सुरावर उतरले. पखवाजाची थाप त्यानंतर पडली. पहाटेपर्यंत मी तो श्वास आणि ते बोट यांचा मेळ किती वेळा पाहिला, याची गणती नाही.

परत आल्यावर मी आमच्या बायकांची गाणी पेटी न उघडता ऐकायला सुरुवात केली. दोन एकादशा मी नुसती टाळ घेऊन बसले. कोणाचा श्वास कोणत्या शब्दावर संपतो, कोण उंच सुराच्या आधी मान उचलते, कोण चरण संपवताना शेवटचे अक्षर ओढते, हे वहीत लिहून काढले. पोस्टात काम करणारी आमची एक मैत्रीण अंतऱ्याला नेहमी किंचित उशिरा येते. तिला सूर आधी देऊन चालत नाही, ती आल्यावर तिच्याखाली सरकवावा लागतो. काकूंचे याच्या उलट आहे. त्यांना चरणाआधी सा ऐकू आला की त्या निर्धास्त होतात आणि मग पेटीची फारशी गरजच उरत नाही. हे सगळे कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही, पण मंडळात वाजवणाऱ्याला याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

गेल्या वर्षी देवळातल्या हरिनाम सप्ताहात आमच्या वाडीची पाळी रात्री दोन ते चार अशी आली. सप्ताहात सात दिवस नामघोष खंडित होऊ द्यायचा नसतो. एका वाडीची माणसे उठायच्या आत दुसऱ्या वाडीची येऊन बसलेली असावी लागतात. आम्ही गेलो तेव्हा थंडीने पखवाजाची पुडी, म्हणजे त्याचे कातडे, सुरातून हलली होती, पखवाजवाल्या दादांनी ती हातोडीने ठोकून माझ्या ‘सा’शी मिळवली. साडेतीनच्या सुमारास गळे थकले. काकूंनी डोळे मिटून अभंग धरला, पांढरी पाचच्याही थोडा खाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरावर. पूर्वी मी तो सूर ओढून पट्टीवर आणला असता. मी हात उचलून घेतला. चार ओळी नुसत्या टाळांवर आणि पखवाजावर गेल्या, काकू तशाच गात राहिल्या आणि पाचव्या ओळीला गळा तापल्यावर त्यांचा सूर आपला आपण चढून पांढरी पाचवर आला. तेव्हा मी भात्याला पेरे टेकवली आणि सा अगदी बारीक सोडला. काकूंनी डोळे न उघडता मान हलवली.

चारला पाच मिनिटे कमी असताना वरच्या वाडीची माणसे येऊन मागे बसली. त्यांच्या पेटीवाल्या मुलाने माझ्या शेजारी मांडी घातली. मी सा सोडला नाही, फक्त पेटी थोडी त्याच्याकडे सरकवली आणि हळूच सांगितले, पांढरी पाच. त्याने डावा हात भात्यावर ठेवला, मी माझा काढून घेतला आणि सूर तसाच चालू राहिला.